वडिलांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय: आधी काय तयारी करायची, दवाखान्यात काय होतं आणि घरी काय सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 62 वर्षांचे, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात 2.8 सेंटिमीटरची गाठ निघाली, बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक नेहमीचा प्रकार) आला, पेट स्कॅनमध्ये (कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारी तपासणी) बाकी कुठे काही दिसत नाही. नाशिकच्या सर्जननी दुर्बिणीतून लोबेक्टमी, म्हणजे फुफ्फुसाचा एक कप्पा काढणं, सुचवली आहे. तुम्हाला विचारायचंय की त्यांना हे झेपेल का, दवाखान्यात किती दिवस जातील, नंतर दम लागेल का, बागेत कधी जाता येईल. आणि गावात सगळे म्हणतात तसं, चाकू लागला की कॅन्सर पसरतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण या भीतीपायी लोक ऑपरेशन लांबवतात आणि बरा होण्यासारखा आजार हातचा जातो. चाकू लागल्याने कॅन्सर पसरत नाही. हा समज आला त्याला कारण आहे. आपल्याकडे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे बहुसंख्य पेशंट उशिरा येतात. पेट स्कॅन नव्हते तेव्हा आधीच पसरलेला आजार दिसायचा नाही. छाती उघडायची, गाठ काढता यायची नाही, तशीच बंद करायची आणि चार-सहा महिन्यांत माणूस जायचा. घरच्यांनी पाहिलेलं एवढंच की ऑपरेशन झालं आणि माणूस गेला. आता इतक्या तपासण्या करून मगच टेबलावर घेतात, ते हेच टाळण्यासाठी. ऑपरेशनमध्येही कापलेला भाग छातीच्या आतच एका प्लास्टिकच्या पिशवीत भरतात आणि मग ती पिशवी छेदातून ओढून घेतात, म्हणजे गाठीचा स्पर्शसुद्धा छातीच्या भिंतीला होत नाही. 2.8 सेंटिमीटरची गाठ आणि लिम्फ नोड (लसिकेच्या गाठी, जिथे कॅन्सर आधी पोचतो) स्वच्छ, हा पहिलाच टप्पा. जागतिक आकडेवारीत या टप्प्यावरचे शंभरातले सुमारे 77 पेशंट पाच वर्षांनंतर हयात असतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ही फार मोठी संधी आहे, ती घालवू नका.

आता ऑपरेशन म्हणजे नक्की काय ते पाहू. उजव्या फुफ्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. ज्या कप्प्यात गाठ आहे तो अख्खा कप्पा, त्याची रक्तवाहिनी, त्याची श्वासनळीची फांदी आणि आसपासचे लिम्फ नोड काढणं म्हणजे लोबेक्टमी. नुसती गाठ खुडून का काढत नाहीत? कारण पेशी गाठीतून कप्प्यातल्या बारीक लसिका वाहिन्यांमध्ये गेलेल्या असू शकतात. गाठ 2 सेंटिमीटर किंवा त्याहून लहान आणि फुफ्फुसाच्या कडेला असेल तर कप्प्याचा एक भागच काढणंही पुरतं, हे अलीकडच्या मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालंय. पण वडिलांची गाठ त्यापेक्षा मोठी आहे, तेव्हा लोबेक्टमी हाच योग्य सल्ला. फुफ्फुस कापल्यावर माणूस जगतो का, असं घरात कुणी विचारत असेल तर त्यांना सांगा की 1933 साली अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी डॉ. जेम्स गिलमोर या पेशंटचं अख्खं डावं फुफ्फुस काढलं आणि गिलमोर त्यानंतर तीस वर्षं जगले. वडिलांचा तर पाचातला एक कप्पा जाणार आहे.

तारीख घेण्याआधी तपासण्या पुऱ्या झाल्यात ना, ते बघा. पेट स्कॅनवर एखादा लिम्फ नोड चमकला म्हणजे कॅन्सर तिथे पोचला असं नसतं. आपल्या भागात जुना टीबी आणि धुळीची कामं यांमुळे नोड सहज चमकतात. नुसत्या चमकीवर "आता ऑपरेशन होणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. ईबसने, म्हणजे श्वासनळीत सोनोग्राफीची दुर्बीण घालून, त्या नोडमधून सुईने नमुना घेतात, आणि त्याचा रिपोर्ट आल्यावरच ठरवायचं. उलटंही तितकंच खरं. गाठ श्वासनळ्यांच्या मध्याजवळ असेल, किंवा सीटीवर नोड 1 सेंटिमीटरपेक्षा मोठे दिसत असतील, तर पेट स्वच्छ असला तरी ईबस करून घेणं शहाणपणाचं. मेंदूचा एमआरआयही बरेच सर्जन मागतात, कारण मेंदूतला छोटा डाग पेटमध्ये नीट दिसत नाही. टीबीवरून आणखी एक: छातीच्या फोटोत डाग दिसला की बायोप्सी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या आणि सहा महिने वाट बघायची, यात आपल्याकडचे कितीतरी पेशंट पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्यावर जातात. वडिलांच्या बाबतीत ते टळलं. दोन-तीन आठवडे तपासण्यांत आणि तयारीत गेले तर नुकसान नाही, पण निदानापासून दीड-दोन महिन्यांपलीकडे जाऊ देऊ नका.

झेपेल का, हे वयावरून ठरत नाही, श्वासावरून ठरतं. त्यासाठी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी, करतात: नळीत जोरात फुंकून एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते) आणि वायू रक्तात किती शिरतो ते सांगणारा डीएलसीओ. दोन्ही मोजायला सांगा, नुसतं फुंकण्याचं मशीन पुरेसं नाही. हिशोब सोपा आहे. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून 19 भाग धरतात. उजव्या वरच्या कप्प्यात 3 असतात. एफईव्ही-वन आज 72 टक्के असेल तर ऑपरेशननंतर अंदाजे 72 गुणिले 16 भागिले 19, म्हणजे साधारण 61 टक्के उरेल. दोन्ही आकडे 60 च्या वर उरत असतील तर जोखीम कमी. 30 ते 60 च्या मध्ये असतील तर जिना चढवून किंवा चालवून बघतात, 30 च्या खाली गेले तर सायकलवरची सविस्तर चाचणी लागते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर बोटाला ऑक्सिमीटर लावून जिना चढायला लावा. तीन मजले न थांबता चढणारा माणूस लोबेक्टमी सहसा नीट सोसतो. चढताना ऑक्सिजन 4 टक्क्यांहून जास्त घसरला तर ते सर्जनला जरूर सांगा.

ऑपरेशनआधीचे तीन आठवडे वाया घालवू नका. घरचे लोक मायेने म्हणतात, "आता आराम करा, ताकद राखून ठेवा." याच आरामाने पेशंट कमजोर होऊन टेबलावर जातो. रोज अर्धा ते पाऊण तास, थोडा दम लागेल अशा वेगाने चालणं, दिवसातून दोनदा जिना आणि स्पायरोमीटरचा (श्वास ओढून चेंडू उचलायचं साधन) सराव सुरू करा. बिडी-सिगारेट आजपासून बंद. चार आठवडे मिळाले तर उत्तम, पण दोनच मिळाले तरी बंद करायची. "आता सोडून काय उपयोग" हे चुकीचं आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा हेही बंद, आणि ते खात असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. कारण असं की या ऑपरेशनला नेहमीपेक्षा जाड, दोन वाटांची नळी घशातून घालावी लागते, म्हणजे एक फुफ्फुस बंद ठेवून दुसऱ्यावर श्वास चालू ठेवता येतो. गुटख्याने तोंड आखडलेलं असेल तर ती नळी जात नाही. वडिलांना आरशासमोर तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर ही गोष्ट ऑपरेशनच्या सकाळी कळता कामा नये.

दात किडलेले, हलणारे असतील तर आत्ताच दाखवून घ्या, तोंडातले जंतूच नंतर छातीत उतरतात. जेवणात प्रथिनं वाढवा: वजनाच्या किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. नुसत्या भाजी-भाकरीने ते भागत नाही. एका अंड्यात 6 ग्रॅम, मोठ्या ग्लासभर दुधात 7-8, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, वाटीभर शिजलेल्या डाळीत किंवा उसळीत 5 ते 7. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. साखर असेल तर ती आटोक्यात आणा. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या 3 दिवस आधी बंद होतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून भूल-तपासणीला घेऊन जा. नावं आठवून सांगण्यात चुका होतात.

ऑपरेशनच्या दिवशी जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा जेवणातच धरायचा; पहाटे "फक्त अर्धा कप" घेतल्याने ऑपरेशन पुढे जातं. भूल दिल्यावर पेशंटला डाव्या कुशीवर घेतात. काखेच्या खाली 4-5 सेंटिमीटरचा एक छेद आणि लागले तर एक-दोन छोटे. बरगड्या फाकवत नाहीत. कप्प्याची शीर, धमनी आणि श्वासनळी एकेक करून स्टेपलरने बंद करून कापतात, नोड काढतात, मग छातीत सलाईन भरून फुफ्फुस फुगवतात आणि बुडबुडे येतात का ते बघतात. प्रत्यक्ष काम अडीच ते चार तासांचं, पण आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत पाच-सहा तास धरा. त्यामुळे चार तास झाले म्हणून घाबरून दार वाजवू नका. काढलेला भाग बऱ्याच ठिकाणी नातेवाइकांना दाखवतात. बघवत नसेल तर नाही म्हणा.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवा. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच छाती उघडून पूर्ण करावं लागलं, तर ते फसलं असं नव्हे. जुन्या टीबीने नोड चुन्यासारखे कडक होऊन फुफ्फुसाच्या धमनीला चिकटलेले असतात; ते सोडवताना धमनी फाटली तर काही मिनिटांत मोठा रक्तस्राव होतो. वेळेवर उघडणारा सर्जन शहाणा. सर्जन निवडताना "दुर्बीण आहे का" यापेक्षा दोन प्रश्न विचारा: वर्षाला फुफ्फुसाची किती ऑपरेशन्स करता, आणि नोड किती ठिकाणचे काढता. छातीच्या मधल्या भागातली किमान तीन ठिकाणं आणि फुफ्फुसाच्या मुळापाशी असलेले नोड निघायला हवेत, नाहीतर टप्पा नक्की कळत नाही आणि पुढचे उपचार अंदाजाने होतात. हे काम नाशिकमध्ये होत असेल तर नाशिकमध्ये करा. परळच्या टाटा मेमोरियलला जायचं ठरवलंत तरी चांगलंच, फक्त तारखेची वाट दीड-दोन महिन्यांपलीकडे जात नाही ना ते बघा.

शुद्धीवर आल्यावर वडिलांच्या कुशीतून एक नळी बाहेर आलेली दिसेल, ती खाली पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. सगळे नातेवाईक या बाटलीला घाबरतात, म्हणून जरा नीट सांगतो. छातीतली हवा आणि पाणी बाहेर यावं पण बाहेरची हवा आत जाऊ नये, यासाठी नळीचं टोक पाण्याखाली 2 सेंटिमीटर असतं. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं. होतंय म्हणजे नळी उघडी आहे. खोकल्यावर बुडबुडे आले तर फुफ्फुसाच्या कापलेल्या कडेतून थोडी हवा झिरपतेय. पहिले दोन-तीन दिवस हे नेहमीचंच. पाण्याचा रंग आधी लालसर, मग पिवळट होत जातो. पहिल्या दिवशी दोन-तीनशे मिली येणं साहजिक. तासाला 200 मिलीच्या वर लाल रक्त येऊ लागलं, किंवा जेवण सुरू झाल्यावर पाणी दुधासारखं दिसायला लागलं, तर लगेच सिस्टरना दाखवा. बाटली कधीही छातीच्या पातळीच्या वर उचलायची नाही. चालायला नेताना नळीला चिमटा लावायचा नाही. हवा झिरपत असताना चिमटा लावला तर छातीत हवा कोंडून फुफ्फुस दाबलं जातं. पाणी हलायचं थांबलं आणि पेशंटला दम लागला तर आधी नळी अंगाखाली दबलीय का ते बघा, बहुतेक वेळा तेच निघतं. बाटली फुटली किंवा नळी तिच्यापासून सुटली तर नळीचं टोक जवळच्या स्वच्छ पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि हाक मारा. हवा थांबली, पाणी कमी झालं, एक्स-रे ठीक आला की नळी काढतात, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी.

पण खरा धोका बाटलीत नसतो. या ऑपरेशननंतर पेशंट पुन्हा आयसीयूत जातात ते बहुतेक वेळा कफामुळे. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकत नाही, कुशीवर पडून राहतो; खाली कफ साचतो, तो भाग मिटतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया उभा राहतो. सर्जनचं काम टेबलावर संपतं. हे काम पेशंटचं आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याचं. वडिलांना ताठ बसवायचं, ऑपरेशनच्या बाजूला उशी धरून हाताने घट्ट दाबायची, तीन वेळा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा, मग तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ धरताना करतो तसा "हाऽ" असा दमदार उच्छ्वास दोनदा, आणि शेवटी खोकला. बेडका वर आला की थुंकायचा, गिळायचा नाही. स्पायरोमीटरच्या तीन चेंडूंबाबत जवळजवळ प्रत्येक घरात चूक होते: लोक त्यात फुंकतात. ते ओढायचं साधन आहे. हळू, सलग ओढून चेंडू वर धरून ठेवायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलला तरी ठीक, रोज थोडं पुढे जायला हवं. ऑपरेशनच्या संध्याकाळीच पलंगाच्या कडेला किंवा खुर्चीवर बसवतात, दुसऱ्या सकाळी बाटली हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये चालायचं. दिवसातून चार वेळा, आधी वीस-तीस पावलं, मग टोकापर्यंत. भेटायला येणाऱ्यांनी "झोपू द्या बिचाऱ्यांना" म्हटलं तरी उठवा.

दुखणं अंगावर काढायचं नाही, कारण दुखलं की खोकला येत नाही. पाठीतून किंवा बरगड्यांजवळ सुन्न करणारं औषध, पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन आणि गरजेला ट्रॅमाडॉल असं मिळून चालतं. चालण्याच्या अर्धा तास आधी गोळी घ्या. ट्रॅमाडॉलने पोट साफ होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं सौम्य औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. कुंथल्यानेही टाके ताणतात. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा दुखणं बहुधा छाती-पोटामधल्या पडद्याच्या (डायफ्रॅमच्या) नसेमुळे असतं. छातीच्या पुढच्या भागात, स्तनाखाली किंवा पोटाच्या वरच्या बाजूला बधिर वाटणं, जळजळणं हे बरगड्यांखालच्या नसेमुळे असतं, हृदयामुळे नाही. हळूहळू, काही महिन्यांत, कमी होतं. तीन महिन्यांनंतरही झोप मोडत असेल तर पेन क्लिनिकला दाखवा, सहन करत बसू नका.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान नाडी अचानक अनियमित आणि वेगवान होऊ शकते. दहातल्या एक-दोघांना होतं. औषधाने आटोक्यात येतं आणि साधारण दीड महिन्यात बहुतेकांच्या गोळ्या बंद होतात. हवा पाच दिवसांपेक्षा जास्त झिरपत राहिली तर मुक्काम लांबतो, किंवा एकतर्फी झडप लावलेली पिशवी देऊन घरी सोडतात. पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज बारीक इंजेक्शन देतात. जीवाला धोका विचाराल तर अनुभवी ठिकाणी लोबेक्टमीत शंभरात एक-दोन. आकडा लहान आहे, पण शून्य नाही, आणि संमतीपत्रावर सही करताना तो माहीत असावा. सगळं सरळ गेलं तर दुर्बिणीच्या ऑपरेशनला 3 ते 5 दिवस, छाती उघडली तर 5 ते 7.

घरी सोडताना एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये "थोडी हवा", "उजवा पडदा वर सरकलेला" असं लिहिलेलं दिसेल. कप्पा काढल्यावर उरलेली जागा भरायला वेळ लागतो, पडदा वर येतो, मधला आणि खालचा कप्पा पसरतो. हा फोटो दुसऱ्या कुणाला दाखवायची वेळ आली तर ऑपरेशन झालंय हे आधी सांगा, नाहीतर विनाकारण पुन्हा नळी टाकली जाते. मुंबईहून परतत असाल तर कसारा घाट चढण्यात काही धोका नाही. दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला, सीटबेल्टखाली उशी धरा. ट्रेनने आलात तर सामान वडिलांच्या हातात नको. नळीच्या जागेचा टाका 10 ते 14 दिवसांनी निघतो. पहिले एक-दोन दिवस खोकल्यावर तिथून पिवळट पाण्याचा एखादा लोट आला तर पट्टी बदला, पण पाणी येतच राहिलं किंवा वास आला तर दाखवा.

पहिले दोन आठवडे गावी न नेता नाशिक शहरात कुणा नातेवाइकाकडे ठेवता आलं तर बरं, म्हणजे अडचण आली तर दवाखाना जवळ राहील. वरच्या मजल्यावरचं घर चालतं, जिना हा व्यायामच आहे. रोज चालणं वाढवत न्यायचं. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोदापार्क त्यासाठी चांगले, सपाट आणि बसायला बाक असलेले. थंडीत दिंडोरी-निफाडकडे पारा फार उतरतो. ऊन आल्यावर निघा, नाक-तोंड मफलरने झाका, चुलीजवळ आणि शेकोटीजवळ बसू देऊ नका. ऑपरेशनच्या बाजूचा हात रोज डोक्यावर नेऊन भिंतीवर बोटं चढवायची, नाहीतर महिन्याभरात खांदा आखडतो आणि सदरा घालणंही जड जातं. कोरडा खोकला काही आठवडे राहतो. बोलताना, जेवताना दम लागणं दोन-तीन महिन्यांत कमी होतं. सहा महिन्यांत उरलेले कप्पे बरीच भर काढतात. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांसोबत चालता येतं, चढावर वेग थोडा कमी राहतो. पांडवलेणीच्या पायऱ्या तीन महिन्यांनी, मध्ये बसत बसत, हे धरून चालायला हरकत नाही.

या गोष्टी झाल्या तर सकाळची वाट बघू नका: 100.4 फॅरेनहाइटच्या वर ताप, बसल्या जागी ऑक्सिजन 92 च्या खाली, अचानक दम किंवा छातीत कळ, एका पायाची सूज, मान-चेहरा फुगून दाबल्यावर कातडीखाली चुरचुर. आणि एक विशेष लक्षात ठेवा. खोकल्यातून एकदम भरपूर पातळ, तपकिरी किंवा गुलाबी, खारट पाणी येऊ लागलं तर कापलेल्या श्वासनळीचं तोंड उघडलंय असं समजा. अशा वेळी वडिलांना ऑपरेशन झालेल्या, म्हणजे उजव्याच कुशीवर, डोकं उंच ठेवून झोपवा, म्हणजे ते पाणी चांगल्या फुफ्फुसात जाणार नाही, आणि 108 ला फोन करा.

बागेचं म्हणाल तर फेरफटका तीन-चार आठवड्यांनी मारता येईल, पण त्या दिवशी फवारणी चालू नसावी. दीड महिना 5 किलोपेक्षा जास्त उचलणं नाही; द्राक्षाचं भरलेलं क्रेट तीन महिन्यांनी, कांद्याची गोणी तर या वयात पुन्हा नकोच. दुचाकी आणि ट्रॅक्टर सहा ते आठ आठवड्यांनी, तेही वेदनेच्या गोळ्या बंद झाल्यावर. ब्लोअरने फवारणी, गंधकाची धुरळणी, छाटणीनंतर डॉरमेक्स (कोंब फुटण्यासाठीचं रसायन) लावणं ही कामं माझ्या मते कायमची दुसऱ्याकडे सोपवावीत. उरलेलं फुफ्फुस जपायचं तर यात तडजोड करू नका. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची लस डॉक्टरांना विचारून.

पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट यायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. त्यात तीन गोष्टी वाचा: कापलेली कड कॅन्सरमुक्त आहे का, किती नोड तपासले आणि किती लागलेले निघाले, आणि गाठ फुफ्फुसाच्या आवरणात शिरली आहे का. सगळं स्वच्छ असेल तर पुढे केमो नाही, फक्त तपासणी. नोड लागलेले निघाले तर बहुधा केमोचे चार डोस, ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत सुरू होणारे. नोड लागले असोत किंवा आवरण, ईजीएफआर आणि एएलके या, गाठीतले जनुकीय बदल शोधणाऱ्या, तपासण्या करून घ्याच. ईजीएफआरचा बदल आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा जास्त सापडतो, आणि तो असेल तर ओसिमर्टिनिब ही रोजची गोळी तीन वर्षं देऊन आजार परतण्याचा धोका बराच कमी होतो. एएलके असेल आणि नोडही लागलेले असतील तर ॲलेक्टिनिब दोन वर्षं. त्यानंतर पहिली दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी, पुढे वर्षातून एकदा.

खर्चाचं आधीच ठरवून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन्स आहेत आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण मंजुरी आधी घ्यावी लागते, बिल भरून नंतर पैसे मागता येत नाहीत. म्हणून भरती होण्यापूर्वी त्या दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. खासगीत करत असाल तर अंदाजपत्रकात स्टेपलरची काडतुसं धरली आहेत का हे विचारा. एका लोबेक्टमीला ती पाच-सहा किंवा जास्तही लागतात आणि बिल तिथेच फुगतं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची नोंद, पेट आणि सीटीच्या सीडी मागून घ्या. पॅथॉलॉजीकडून मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या रिपोर्ट आल्यावर सही करून ताब्यात घ्या आणि घरात उन्हापासून, उष्णतेपासून दूर ठेवा. पुढे कधीही जनुकीय तपासणी करायची वेळ आली तर तोच नमुना लागतो, त्यासाठी पुन्हा सुई घालावी लागत नाही.